नाव लिहावं दुसऱ्याचं, विसरावं आपलं

॥ श्री गुरवे नमः ॥



अन्नदानाची तयारी सुरू झाली की आपल्या कुटुंब-गटांत एक प्रश्न दरवर्षी निघतो. यंदाही निघाला. सेवेत ज्यांनी धान्य दिलं, पैसे दिले, अंगमेहनत केली, त्यांची नावं लिहायची का? जाहीर करायची का? आदिलाबाद शहरातल्या काही घरांचं म्हणणं असं की, नाव आलं की अहंकार आला, दान गुप्तच बरं. यावर बेला आणि जैनदकडच्या भगिनींनी जे लिहिलं ते आम्हाला विचार करायला लावणारं वाटलं. त्यांचं म्हणणं, गुप्त गुप्त म्हणता म्हणता देणगीदाराचं नाव कसंही करून सगळ्यांना कळतं. पहाटे चारपासून चुलीपुढे बसलेल्या बाईचं नाव मात्र कोणालाच कळत नाही. मग गुप्त नेमकं कोण राहिलं?

दोन्ही बाजूंत खरेपणा आहे. म्हणून घाईने निकाल न देता आम्ही या अंकात थोडं लांबून यायचं ठरवलं. किती लांबून? तर मंगळाच्याही पलीकडून. आकाशात नवी वस्तू कोणी पाहिली तर त्याचं नाव नोंदवायची पद्धत दोनशे वर्षांहून जास्त काळ चालत आली आहे. नाव लिहिल्याने काय साधतं आणि काय बिघडतं, दोन्ही तिथे स्पष्ट दिसतं. म्हणून आज एका दगडाची गोष्ट.

*दगड कुठला?*

मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मधल्या जागेत लहानमोठे लाखो दगड सूर्याभोवती फिरतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे गुरूच्या बाजूला, ८७ क्रमांकाचा लघुग्रह आहे. त्याचं नाव सिल्व्हिया. सूर्यापासून तो सरासरी ५२ कोटी किलोमीटर दूर आहे, आपण आहोत त्याच्या जवळपास साडेतीन पट. सूर्याभोवती एक फेरी करायला त्याला साडेसहा वर्षं लागतात. त्याची रुंदी सरासरी २७० किलोमीटर. आदिलाबादहून हैदराबादला गाडीने जाताना जेवढं अंतर कापतो, त्याहून थोडी कमी. एवढा मोठा असूनही तो एकसंध खडक नाही. दगडधोंड्यांचा ढीग आपल्याच ओढीने एकत्र राहिलेला आहे आणि आत बरीच पोकळी आहे.

हा दगड सापडला भारतातून. १६ मे १८६६ रोजी, मद्रासच्या वेधशाळेतून. शोधणारे नॉर्मन पॉगसन हे इंग्लंडचे गृहस्थ. १८६१ मध्ये सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून ते मद्रासला आले आणि १८९१ मध्ये तिथेच वारले. मद्रासहून त्यांनी पाच लघुग्रह शोधले: १८६१ मध्ये एशिया, १८६४ मध्ये सॅफो, १८६६ मध्ये सिल्व्हिया, १८६८ मध्ये कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा. यांतला पहिला आशिया खंडातून सापडलेला पहिलाच लघुग्रह होता, म्हणून त्याचं नाव एशिया. सिल्व्हिया आणि कॅमिला हे दोघे बाहेरच्या कडेचे. व्हेरानंतर भारतातून पुढचा लघुग्रह सापडायला शंभरावर वर्षं गेली. १९८८ मध्ये तमिळनाडूतल्या कावलूरहून आर. राजमोहन यांनी तो शोधला आणि त्याला रामानुजन हे नाव मिळालं.

*सापडतो कसा?*

ज्यांनी शेतात जागल केली आहे त्यांना हे पटकन कळेल. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून रात्रभर मचाणावर बसलेला माणूस अंधारात काय बघतो? त्याला डुक्कर आधी दिसत नाही. त्याला आपलं शेत पाठ असतं. ते बाभळीचं खोड, तो बांधावरचा धोंडा, ती बुजगावण्याची काठी. या सगळ्या काळ्या आकृत्या त्याच्या ओळखीच्या असतात. एखादी जास्तीची आकृती दिसली, आणि थोड्या वेळाने ती जागची हलली, की तो उठतो.

लघुग्रह अगदी असाच सापडायचा. दुर्बिणीतून बघितलं तर लघुग्रह आणि तारा यांत काही फरक दिसत नाही. दोन्ही बारीक ठिपके. फरक एवढाच की तारे आपापल्या जागी असतात आणि लघुग्रह त्यांच्यामधून हळूहळू सरकतो. आपल्याकडची म्हातारी माणसं सप्तर्षींना खाट म्हणतात आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती खाट चोरायला आलेले चोर. ती खाट त्यांच्या लहानपणी होती तशीच आजही आहे, पाय हललेला नाही. म्हणून आकाशाच्या एका तुकड्यातले सगळे ठिपके नकाशावर मांडायचे, रोज रात्री ताडून बघायचे, आणि जो नकाशात नाही तो ठिपका दुसऱ्या रात्री सरकला का ते बघायचं. महिनोन् महिने काहीच नवीन सापडत नाही. तरी बघायचं.

सिल्व्हिया किती अंधुक असेल याचा अंदाज पॉगसन यांच्याच मापाने घेता येतो. ताऱ्यांच्या तेजाला प्रत म्हणतात. १८५६ मध्ये पॉगसन यांनी सुचवलं की पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पटींचा फरक धरावा, म्हणजे एका प्रतीला सुमारे अडीच पट. आज सगळं जग हेच माप वापरतं. आपल्या डोळ्याला काळ्याकुट्ट रात्री सहाव्या प्रतीपर्यंतचा तारा कसाबसा दिसतो. सिल्व्हिया बाराव्या प्रतीच्या आसपास. म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याच्याही सुमारे अडीचशे पट मंद.

*नाव का लिहितात?*

१ जानेवारी १८०१ रोजी इटलीतल्या पालेर्मो इथे पियाझ्झी यांना पहिला लघुग्रह दिसला, सेरेस. काही आठवड्यांनी तो सूर्याच्या उजेडात गेला आणि हरवला. पण पियाझ्झींनी कोणत्या रात्री, किती वाजता, कुठे पाहिला याच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्या नोंदींवरून गाउस या तरुण गणितज्ञाने हिशेब मांडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सेरेस पुन्हा सापडला. वही नसती तर सेरेस हातचा गेला होता.

म्हणजे नोंदीतलं नाव हा सत्कार नाही. तो पत्ता आहे. कोणी पाहिलं, कधी पाहिलं, कुठून पाहिलं. पुढच्या माणसाला काम चालवायचं असेल तर हे लागतं. नोंद चुकली असेल तर कोणाला विचारायचं हेही त्यातूनच कळतं. नावाबरोबर जबाबदारी येते. आपल्याच अन्नदानाचं बघा. मागच्या वर्षी डाळ कोणी भिजवली, किती माणसांना किती लागली, हे लिहिलेलं नसेल तर यंदा पुन्हा अंदाजपंचे.

*नावाने मालकी येते का?*

नाही. आणि घोळ इथेच होतो. सिल्व्हिया पॉगसनांनी बनवला नाही. ते जन्मायच्या आधीही तो फिरत होता, ते गेल्यावरही फिरतो आहे. त्यांना तो दिसला, एवढंच. दिसण्यासाठी त्यांनी रात्री जागवल्या ही त्यांची मेहनत. पण मेहनत आपली म्हणून वस्तू आपली होत नाही.

नावाचा बाजारही झालेला आहे. ऑस्ट्रियातले योहान पालिसा फार मोठे शोधक. १८८६ चं सूर्यग्रहण बघायला जायला त्यांना पैसे हवे होते. आपण शोधलेल्या एका लघुग्रहाला नाव द्यायचा हक्क त्यांनी पन्नास पौंडांना विकायला काढला. रॉथशिल्ड या श्रीमंत घराण्यातल्या एकाने तो घेतला आणि आपल्या पत्नीचं नाव दिलं, बेटिना. आम्ही पालिसांना नावं ठेवत नाही. त्यांनी पैसे मागितले ते ज्ञानासाठीच. पण आज ही वाट बंद आहे. आता आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेची समिती नाव मंजूर करते. शोधणारा नाव सुचवू शकतो, पण स्वतःचं नाव द्यायचं नाही असा संकेत आहे, आणि पैसे देऊन नाव मिळत नाही.

हा संकेत आम्हाला फार आवडला. आकाशात कोणी आपलं नाव आपल्या हाताने लिहीत नाही. दुसऱ्याने लिहावं लागतं. लहानपणाची काही वर्षं आपल्या हैदराबादेत घालवलेले पंडित जसराज यांचं नाव २०१९ मध्ये ३००१२८ क्रमांकाच्या लघुग्रहाला मिळालं. ते त्यांनी मागितलं नव्हतं. गाणं त्यांनी गायलं, नाव दुसऱ्यांनी लिहिलं.

*यादीत मागे राहिलेले*

आता जरा अवघड भाग. मद्रासच्या वेधशाळेत पॉगसन एकटे नव्हते. चिंतामणी रघुनाथाचारी हे तिथले पहिले सहायक. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला मद्रास वेधशाळेची एक तुकडी घेऊन ते वनपर्तीला गेले होते. तेव्हा वनपर्ती निजामाच्या राज्यात होतं, आज आपल्या तेलंगणात आहे. १८६७ मध्ये त्यांनी तेज बदलणारा एक तारा ओळखला. तो शोध आजही त्यांच्याच नावावर आहे, साहेबाच्या नावावर नाही. १८७४ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता, तेव्हा लोकांनी घाबरू नये, समजून घ्यावं म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली आणि ती कानडी, उर्दू अशा भाषांतही निघाली. रघुनाथाचारींचं नाव लिहिलं गेलं म्हणून दीडशे वर्षांनी आपण ते घेऊ शकतो.

दुसरं नाव पॉगसनांच्या मुलीचं, इसिस. १८७३ पासून पंचवीस वर्षं तिने त्याच वेधशाळेत सहायक म्हणून काम केलं. १८८६ मध्ये वडिलांनी तिचं नाव लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी सुचवलं. वकिलांनी सांगितलं, संस्थेच्या सनदेत सदस्याचा उल्लेख पुल्लिंगी आहे, बाईला घेता येत नाही. नाव मागे घ्यावं लागलं. ती सदस्य झाली १९२० मध्ये. मधे चौतीस वर्षं गेली. काम तेच होतं, आकाश तेच होतं. एका सर्वनामाने चौतीस वर्षं अडवलं.

आणि ज्यांची नावं कुठल्याच यादीत येत नाहीत असे तर शेकड्याने. १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी सुरू केलेल्या हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने जगाच्या आकाश-नकाशातला आपला वाटा उचलला. काचेच्या तबकड्यांवरचे लाखो तारे एकेक करून मोजले गेले. मोजणाऱ्यांनी डोळे शिणवले. नवीन ठिपका सापडला की सापडवणाऱ्याचं नाव होतं, पण जुने ठिपके कोणी जागच्या जागी मांडून ठेवले होते म्हणूनच नवा ओळखू येतो. घरातही असंच नाही का? रोजचं सगळं जागच्या जागी ठेवणारं माणूस कोणाच्या नजरेत येत नाही. ते दोन दिवस आजारी पडलं की मग कळतं.

*मग निष्काम कर्माचं काय?*

इथे काही जण म्हणतील, कर्तेपण सोडा, फळाकडे बघू नका, हीच तर महाराजांची शिकवण. मग नावाचा एवढा विचार कशाला?

शिकवण खरी आहे. पण ती कोणाला उद्देशून आहे? आमच्या मते सगळी गल्लत इथे होते. मी माझं कर्तेपण सोडायचं, ही माझी साधना. तुमचं कर्तेपण मी सोडायचं, ही साधना नाही. ती फुकटेगिरी आहे. सासूने सुनेला म्हणायचं, सेवेत नाव कसलं मागतेस, आणि कीर्तनाच्या शेवटी आपल्या मुलाने दिलेल्या पाच हजारांचा उल्लेख ऐकून सुखावायचं. मालकाने सालगड्याला म्हणायचं, तू देवासाठी राबलास. हा निष्काम कर्माचा उपदेश दुसऱ्याच्या खर्चाने चाललेला आहे. तो आधी स्वतःला करायचा असतो, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबायचा असतो.

दोन कर्तव्यं आहेत आणि ती दोन वेगळ्या माणसांची आहेत. ज्याने काम केलं त्याने आपलं नाव विसरावं. ज्याने काम पाहिलं त्याने ते नाव लिहून ठेवावं. पहिलं केलं नाही तर अहंकार वाढतो. दुसरं केलं नाही तर अन्याय होतो, आणि त्याला आपण वैराग्याचं वस्त्र नेसवतो.

कोणी म्हणेल, पण नाव आलं की माणूस बिघडतोच. बिघडू शकतो. तो त्याच्या मनाचा प्रश्न, त्याने सोडवावा. त्याच्या संभाव्य अहंकाराच्या भीतीने आपण आपली कृतज्ञता का थांबवायची? ताप येईल म्हणून कोणी पाहुण्याला जेवायला वाढायचं थांबवत नाही.

*सिल्व्हियाची मुलं*

सिल्व्हिया हे नाव पॉगसनांनी घेतलं ते रोमच्या जुन्या कथेतून. रिया सिल्व्हिया ही एक राजकन्या. रोम्युलस आणि रेमस या जुळ्यांची ती आई. कथेप्रमाणे याच मुलांपासून रोम शहर उभं राहिलं. १८६६ मध्ये मद्रासच्या दुर्बिणीत तो नुसता एकटा ठिपका होता.

फेब्रुवारी २००१ मध्ये हवाई बेटावरच्या प्रचंड दुर्बिणीतून दोन शास्त्रज्ञांना दिसलं की सिल्व्हियाभोवती एक छोटा चंद्र फिरतो आहे. २००४ मध्ये चिलीतल्या दुर्बिणीतून दुसऱ्या तुकडीला आणखी एक चंद्र सापडला. एक सुमारे १३५६ किलोमीटरवरून फिरतो, दुसरा त्याहून जवळ, ७०० किलोमीटरच्या आसपास. ऑगस्ट २००५ मध्ये हे जाहीर झालं. दोन चंद्र असलेला हा पहिला ज्ञात लघुग्रह. नावं काय दिली असतील? रोम्युलस आणि रेमस.

आईचं नाव १८६६ मध्ये ठेवलं गेलं आणि दोन्ही मुलं एकशे एकोणचाळीस वर्षांनी पाळण्यात आली. पॉगसनांना हे कधीच कळलं नाही. त्यांनी आपल्या वाट्याची रात्र जागवली, नोंद केली, नाव लिहिलं आणि गेले. फळ त्यांच्या हयातीत पिकणारं नव्हतंच. फळाची आशा ठेवू नये याचा याहून साधा अर्थ आम्हाला सापडत नाही. फळ येतं, पण बरेचदा आपण उठून गेल्यावर येतं. मात्र ते येण्यासाठी नोंद ठेवलेली असावी लागते. नोंद नसती तर त्या नव्या चंद्रांना आईच सापडली नसती.

*तर यंदा काय करावं?*

आम्ही सेवा-समितीपुढे ठेवलेली सूचना अशी. भिंतीवर पाटी नको, माइकवर नावं नकोत. पण सेवेची एक वही असावी आणि तिच्यात सगळ्यांची नावं असावीत, कामासकट, तारखेसकट. तांदूळ देणाऱ्याचं जसं, तसं तांदूळ निवडणारीचंही. मंडप देणाऱ्याचं, तसं मंडपाचे खड्डे खणणाऱ्याचं. भांडी घासणाऱ्यांचं पान पहिलं असावं, शेवटचं नको. रक्कम आणि मेहनत यांत वर-खाली क्रम लावू नये. कोणी मनापासून सांगितलं की माझं नाव नको, तर त्याचा मान राखावा. पण हे त्याने सांगावं, त्याच्या वतीने दुसऱ्याने सांगू नये. आणि एक नियम आकाशातून उसना घेऊ या: वहीत स्वतःचं नाव स्वतः कोणी लिहायचं नाही. ज्याने काम पाहिलं त्याने लिहायचं.

या आठवड्याची साधना छोटीच आहे. रात्री जेवताना घरातल्या ज्या माणसाचं काम आपण गृहीत धरतो, त्याचं नाव घेऊन, ते काम सांगून, सगळ्यांदेखत बोलायचं. आईचं, वहिनीचं, घरात राबणाऱ्या मावशीचं, शाळेत जाण्याआधी पाणी भरून जाणाऱ्या पोराचं. एका वाक्यात. आणि आपलं कोणी नाव घेतलं, तर ऐकायचं, हात जोडायचे आणि विसरून जायचं.

घरातल्या मोठ्यांना हा अंक वाचून दाखवा. आपल्या गटातलं मत दादांकडे किंवा ताईंकडे कळवा, वही घालायची की नाही ते पुढच्या बैठकीत सगळे मिळून ठरवू.

॥ श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥